मामांचं सरकारी मानधन

निजामानंतर मराठवाड्यात कायद्याचं राज्य नेमकं कुणी आणलं, असं मला विचाराल तर मी आमच्या आत्याच्या यजमानांकडे बोट दाखवीन. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. देवगाव रंगारीच्या पुढं एका लहानशा गावचे ते पोलीस पाटील. वर्दी नाही, बंदूक नाही. धोतर, काळा कोट आणि गळ्यात शिट्टी. सरकारी कामाच्या वेळात त्यांना 'मामा' म्हटलेलं चालत नसे, आणि ती वेळ कधी संपल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी औरंगाबादहून गेलो की पाणी प्यायच्या आधी नाव, वय, येण्याचं कारण आणि मुक्काम किती, हे ओसरीवर लिहून द्यावं लागे. "अहो, भाचा हाय माझा!" आत्या आतून ओरडायची. "भाचा व्हय, पण परगावचा हाय," म्हणत मामा दौतीत टाक बुडवायचे.

एकदा त्यांचीच म्हैस शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. मामांनी तिला स्वतः नेऊन कोंडवाड्यात घातलं. घरात बिनदुधाचा चहा झाला आणि आत्या दोन दिवस बोलली नाही. मामांनी वहीत लिहिलं, 'गावात शांतता आहे.'

या वेडाला कारण होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत गावाला कुणी वाली उरला नव्हता, ते त्यांनी ऐन तरुणपणी पाहिलं होतं. "सरकार लांब असलं का जोराचा माणूसच सरकार होतो," ते म्हणायचे. पुढं वतनं गेली आणि सरकारनं पोलीस पाटलांना मानधन बांधून दिलं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! रक्कम जेमतेम तेलमिठापुरती, पण सरकारनं आपल्याला आपलं म्हटलं, हे त्यांना पुरत होतं.

एका वर्षी मात्र ते मानधन सहा-सात महिने आलंच नाही. पाऊसही दगा देऊन गेला होता. आत्यानं शेळ्या विकल्या. गावातल्या मोठ्या जमीनदारानं निरोप धाडला, "पाटील, सरकार देईल तवा देईल. दोन पोती ज्वारी घेऊन जा." मामा स्वतः त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "मालक, तुमची ज्वारी खाल्ली तर उद्या तुमच्या घरचं नाव लिवताना माझा हात जड व्हईल." मालक हसला. घरी आत्या रडली.

दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्यावरून त्याच मालकाच्या पुतण्यानं एका पिंजाऱ्याचा हात मोडला. ज्या हातानं तो कापूस पिंजून पोट भरायचा, तोच. गावानं डोळ्यांनी पाहिलं, पण तोंड कुणी उघडेना. मामांनी पुतण्याचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कागद घेऊन पायी ठाण्यात गेले.

त्यानंतर मानधनाची चौकशी करायला ते शहरात आले. मी त्यांना कचेरीत घेऊन गेलो. कारकून मान वर न करता म्हणाला, "वरून पैसे आले की देऊ." मामांनी त्याला सलाम ठोकला. बाहेर आल्यावर मी चिडलो. "मामा, सोडा हे काम. कशासाठी एवढं?"

ते तिथंच थांबले. "सोडलं तर माझ्या जागी मालकाचा माणूस बसंल," ते म्हणाले. "मग त्या पिंजाऱ्यानं जायचं कुठं?"

पुढं पुतण्याला शिक्षा झाली. मालकाच्या घरानं मामांशी बोलणं टाकलं. उन्हाळ्यात सगळं मानधन एकदम आलं, तेव्हा मामांनी औरंगाबादच्या छावणीच्या बाजारातून आत्यासाठी हिरवं लुगडं घेतलं आणि एस.टी.त ते मांडीवर ठेवून, खिडकीबाहेर बघत गेले.

बऱ्याच वर्षांनी मामा वारले, त्याच्या तिसऱ्या दिवशी तो पिंजारी ओसरीशी येऊन उभा राहिला. आता म्हातारा झाला होता. खांद्यावर नवी गादी. मोडलेला हात बरा झाल्यावर त्यानं अशीच एक गादी आणली होती आणि मामांनी ती आल्या पावली परत पाठवली होती, हे मला तेव्हा कळलं.

"भाभी," तो खाली बघत म्हणाला, "अब तो रख लेव. पाटील साब अब वापस नै भेजते."

आत्यानं मामांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जणू परवानगी विचारावी तसं. मग पदरानं डोळे पुसले आणि ती गादी आत घेतली.