सुतारकाका उठले नाहीत

सुतारकाकांनी उभ्या आयुष्यात शेकड्यांनी खुर्च्या केल्या, पण स्वतः निवांत बसलेत असं कधी कुणी पाहिलं नाही. बाहेर कुणाचे बूट वाजले की गडी ताडकन उभा! तरुणपणी, काडीचा गुन्हा नसताना, पोलिसांनी त्यांना कोठडीत डांबून गुरासारखं बडवलं होतं. साहेब आत आला की उठायचं, नाहीतर दांडका ठरलेला. तिथे त्यांना नाव नव्हतं, नुसता अकरा नंबर. तो नंबर त्यांनी लाजेपायी कुणालाच, अगदी काकूंनाही, सांगितलं नाही. कोठडीतून सुटले, पण उठायची खोड सुटली नाही. उजवा खांदा तेव्हापासून वर जात नाही. रंधा मारताना सगळा भार डाव्या हातावर.

म्हातारपणी कुठे एकदाचा चौकशी आयोग बसला. आपल्याला मारलं आणि विनाकारण मारलं, एवढं सरकारने कबूल करावं, काकांना दुसरं काही नको होतं. पण आता निवृत्त झालेला तो साहेब छातीठोकपणे सांगायचा, "या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही." जुने कागद तर केव्हाच जाळून टाकलेले.

पहिल्या सुनावणीला कहरच झाला. साहेब काठी टेकत आत आला आणि काका ताडकन उभे! साहेबाचा वकील गालातल्या गालात हसला. "बघा, केवढा हा आदर! आणि म्हणे छळ केला." काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी काकूंनी डोक्याला हात लावला. "पुढच्या खेपेला उठलात तर याद राखा! तो मेला कोण लागून गेलाय?"

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू. काकू मुलाचे जाडजूड बूट घालून, हातात लाटणं घेऊन धाडधाड खोलीत शिरायच्या आणि काकांनी खुर्चीत बसून राहायचं. कसलं काय! काका दर वेळी उभे. एकदा बुटांत पाय अडखळून काकूच तोंडावर आपटता आपटता वाचल्या. दोघं पोट धरधरून हसली, आणि हसता हसता काका रडायला लागले.

"मला नाही गं जमणार. पाय माझं ऐकतच नाहीत."

काकू बूट काढून शेजारी बसल्या. "मग त्यांना सांगत राहू. रोज सांगू."

शेवटच्या सुनावणीला काकू मागच्या बाकावर होत्या. दार उघडलं, काठी वाजली. काकांचे पाय उठू पाहायला लागले. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. साहेब समोर येऊन थबकला. हा माणूस आपल्यासमोर बसून आहे, हे काही त्याला सोसेना.

"ए अकरा नंबर! ऊठ!" तो खेकसला.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "यांना तर तुम्ही जन्मात पाहिलं नव्हतं ना? मग हा अकरा नंबर कुठून आला?"

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. वकील त्याची बाही ओढत राहिला, पण आता काय उपयोग!

"अकरा नंबर मीच," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "तिथे मला हीच हाक होती."

त्या दिवशी सगळी उत्तरं साहेबाने उभ्याने दिली. आणि बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, या माणसाला मारलं होतं, आणि त्याचा काहीही गुन्हा नव्हता.

सगळे पांगले तशा काकू डोळे पुसत पुढे आल्या.

"अहो, चला. उठा आता."

"थांब गं," काका म्हणाले. "अजून थोडं बसू दे."