झेंडा कुठून बघायचा?

झेंड्याच्या दुकानात कापडाच्या चिंध्या जास्त साठतात की गोष्टी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चिंध्या निदान आठवड्याला पोत्यात भरून बाहेर काढता येतात. गोष्टींचं काय करायचं? चहाला कुणी आलं की एक निघते, तिच्या मागे दुसरी, आणि चहा गार!

आमचं दुकान बारामतीत, एसटी स्टँडपासून जरा आत. दुकान वडिलांनी काढलं, आता काउंटरवर मी. मशीनवर रशीदचाचा. वडिलांच्या वेळेपासूनचे. चाळीस वर्षं झेंडेच शिवतात, साधी उशीची खोळ शिवायला सांगितली तरी कोपऱ्याला दोरीची जागा ठेवतील! आणि तिसरे कांबळे गुरुजी. कन्हेरीचे. शाळेतून रिटायर झाल्यापासून रोज अकराला येतात, आमचा पेपर वाचतात आणि जगातल्या कुठल्याही झेंड्याबद्दल विचारा, सांगतात. पगार नाही, पण खुर्ची ठरलेली.

*

इंदापूरकडच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. 'आपले शेजारी देश' असा कार्यक्रम. बाईंनी सगळ्या झेंड्यांचे प्रिंटआउट पाठवले.

नेपाळचा कागद हातात घेऊन चाचा माझ्याकडे आले. "ताई, प्रिंटरनं कोपरा खाल्ला बघ."

मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होते. न बघताच म्हटलं, "तुम्ही बघा ना चाचा, अंदाजाने."

चाचांनी अंदाजाने केलं! लाल त्रिकोणांच्या पुढे पांढरं कापड जोडून झेंडा चांगला चौकोनी केला, इस्त्री मारली आणि दारात अडकवला.

शेजारच्या चायनीजच्या गाड्यावर दिलबहादूर नावाचा नेपाळी कुक आहे. बारामतीत इतकी वर्षं झाली की मराठी आमच्यासारखं बोलतो. तो भाजीची पिशवी घेऊन चालला होता, दारातच थांबला.

"चाचा, हे पांढरं कशाला लावलंय?"

"आरं, चित्र अर्धं फाटलेलं आलं. म्या पुरा केला."

दिलबहादूर पिशवी खाली ठेवून हसायला लागला. हसता हसता झेंड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चाचा, आमचा एवढाच असतो. पुराच आहे तो!"

गुरुजी तोवर खुर्चीतून उठले होते. वरच्या त्रिकोणात चंद्र, खालच्यात सूर्य, ते असेपर्यंत देश राहो असा अर्थ, आपल्याकडच्या वीरगळावरही तेच दोघे कोरलेले असतात, वगैरे त्यांनी सांगितलं. चाचा ऐकत नव्हते. ब्लेडने पांढऱ्याची शिवण उसवत होते. मधेच मान वर करून कपाटातल्या भगव्याकडे बघितलं. दोन टोकांचा, मधे खाच असलेला.

"आपला तरी चौकोनी कुठं हाय?" ते म्हणाले. "चाळीस वर्सं शिवतोय. कधी ध्यानातच आलं न्हाय की!"

*

त्याच ऑर्डरमधला बांगलादेशचा झेंडा. हिरव्यावर लाल गोल. चाचांनी टेप लावून गोल बरोब्बर मधे बसवला.

गुरुजी म्हणाले, "चुकला. तो जरा काठीकडे सरकलेला असतो."

झालं! चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्याचा विषय निघाला की ते फार हळवे व्हायचे.

"गुरुजी, मधी नसंल तर तो गोल कसला? गिऱ्हाईक काय म्हणंल? टेलर-मास्तरला दिसत न्हाय म्हणंल!"

"अहो, तुमच्या डोळ्याचा काय संबंध? तसाच आहे तो."

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. "ताई, गुरुजींना सांग पेपर झाला आसंल तर द्या." गुरुजी तीन फुटांवर!

तिसऱ्या दिवशी चाचांनी गुपचूप दुसरा झेंडा शिवला, गोल सरकवून. दोन्ही झेंडे एकाच काठीला वर-खाली बांधले आणि समोर दुकानातला स्टँडवाला पंखा फुल स्पीडवर सोडला.

आम्ही तिघं लांब जाऊन उभे राहिलो. झेंडे फडफडायला लागले. काठीकडचं कापड ताठ राहत होतं, मोकळं टोक दुमडत होतं, आखडत होतं. आणि काय गंमत! मधे बसवलेला गोल पार टोकाकडे निसटल्यासारखा दिसत होता. सरकवलेला मात्र बरोब्बर मधे!

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी," ते म्हणाले, "टेबलावर बघून कापायचाच न्हाय हा. उडताना बघायचा."

मग थेट गुरुजींकडे वळून, "च्या घेनार का?"

*

आता माझी चूक सांगते, नाहीतर म्हणाल चाचांच्याच सांगते.

एमआयडीसीतल्या एका कंपनीत पोलंडहून इंजिनिअर यायचा होता. गेटवर त्याच्या देशाचा झेंडा हवा. वर पांढरा, खाली लाल, संपलं. मला वाटलं, यात काय चुकणार? दोरीच्या पट्टीवर 'वर' अशी चिठ्ठी मी स्वतः टाचली. नेमकी खालच्या टोकाला!

सकाळी कंपनीतून फोन. "मॅडम, पाहुणा पोलंडचा आणि झेंडा इंडोनेशियाचा!"

इंडोनेशियाचा म्हणजे तोच, वर लाल, खाली पांढरा. स्कूटी घेऊन पळाले. पोचले तर गेटवर वॉचमन दोरी सोडत होता आणि गोरापान उंच पाहुणा स्वतः खाली झेंडा झेलायला उभा! मी घामाघूम. येईल तेवढ्या इंग्रजीत माफी मागितली.

तो इतका हसला! कंपनीतल्या मराठी इंजिनिअरने मला मराठीत करून सांगितलं, "मॅडम, ते म्हणतायत टेन्शन घेऊ नका. मागे इंडोनेशियाला गेले होते, तिथं कुणीतरी पोलंडचा लावून ठेवला होता!"

*

एकदा पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण कार्यकर्ता आला. तिरंगा हवा, मोठा. आणि खालच्या हिरव्या पट्ट्यावर साहेबांचं नाव, छोट्या अक्षरात.

चाचा मशीन थांबवून म्हणाले, "तसं चालत न्हाय, दादा."

"अहो, छोटंच. दिसणारसुद्धा नाही."

"दिसनार न्हाय तर कशाला पायजे?"

तो जरा गडबडला. "साहेबांनी दिलाय हे कळायला नको का लोकांना?"

चाचांनी शांतपणे समोरच्या दुकानाकडे बोट केलं. तिथं फ्लेक्स छापतात. "नाव आलं की त्यो झेंडा ऱ्हात न्हाय दादा. त्यो बॅनर. बॅनर तितं मिळतो."

*

इंदापूर तालुक्यातल्या एका गावचे चार कबड्डीपटू आले. त्यांना गावाचा झेंडा हवा होता. देशाला असतो, मग गावाला का नको? गुरुजी खूश! कागद घेतला, पेन घेतलं. "सांगा, तुमच्या गावाची खूण काय?"

एक म्हणाला ऊस. दुसरा म्हणाला, ऊस तर सगळ्यांकडंच हाय, डाळिंब घ्या. तिसऱ्याच्या घरी डाळिंब नव्हतं, म्हशी होत्या. चौथा म्हणाला गावची टाकी, ती लांबून दिसते. गुरुजी सगळं काढत गेले. कागदावर म्हैस टाकीखाली उसात उभी राहून डाळिंब खाते आहे असं काहीतरी झालं!

भांडण मिटेना आणि मॅच परवावर. शेवटी कॅप्टन म्हणाला, "चित्र मागनं टाकू. आत्ता निस्तं कापड शिवून द्या. पांढरं."

दिलं. मॅचच्या दिवशी टीम वाजतगाजत मैदानात शिरली, पुढं भला मोठा पांढरा झेंडा. समोरच्या गावचा कॅप्टन पुढं आला, हात जोडले आणि म्हणाला, "आरं, एक तरी चढाई करायची व्हती, आधीच शरण?"

*

बावड्याच्या अर्चनाताई नर्स आहेत. त्यांच्या वस्तीत नवीन विहार बांधला होता. वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी विटा वाहून. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. पंचशील ध्वजाची ऑर्डर फोनवर मी घेतली होती. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. पाच रंग, पाच उभे पट्टे. गुरुजी शेजारी बसलेले असताना चाचांनी शिवला.

अर्चनाताई ड्युटीवरून थेट आल्या. झेंडा उलगडला आणि बोटाने पट्टे मोजले.

"सहावा पट्टा कुठाय?"

"ताई, रंग पाचच सांगितले होते तुम्ही," मी म्हटलं.

"रंग पाचच. पट्टे सहा असतात. शेवटच्या पट्ट्यात पाचही रंग एकावर एक. पाचही एकत्र आले की जो प्रकाश होतो ना, तो."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींच्या घराच्या गच्चीवर हाच झेंडा कित्येक वर्षं आहे! गुरुजी पेपरात घुसले होते.

"गुरुजी, तुमच्या झेंड्याला किती पट्टे?" अर्चनाताईंनी विचारलं.

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. जगातले सगळे झेंडे पाठ असलेला माणूस कानापर्यंत लाल झाला होता. खिशातून मोबाईल काढला, घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, गच्चीवर जा जरा. आपला झेंडा मोज."

पलीकडे जिना चढल्याचा आवाज. मग काकूंचा, धापा टाकत, "मोजला. एकच हाय!"

हसून हसून आमची पुरेवाट! अर्चनाताईसुद्धा हसता हसता स्टुलावर बसल्या. चाचांनी तेवढ्यात पाच रंगांचे छोटे तुकडे कापायला घेतलेसुद्धा. सगळ्यात किचकट काम तेच होतं, तुकड्याला तुकडा जुळवायचा. शेवटची एसटी चुकायच्या आत ताईंच्या हातात सहा पट्टे पडले. गुरुजींनी स्वतः मोजून दिले. दोनदा.

*

आणि एक हे आबा.

भिगवणकडून एसटीने आले होते. सत्तरीचे असतील. टोपी, हातात कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"झेंडा पायजे. मोठा. आठ बाय सहा."

"यात्रेसाठी का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाय."

चाचांनी सवयीने कापडाचे गठ्ठे पुढे ओढले. भगवा, हिरवा, निळा, लाल. "कंचा द्यायचा आबा?"

"पान्यात कंचा रंग दिसतो?"

चाचांनी विचार केला. "पिवळा. मासेमारीवाले जाळ्याच्या डब्यांना पिवळंच फडकं लावत्यात."

"मग पिवळा."

"वर काय काढायचं? चिन्ह, अक्षर?"

"काय नगं."

"काठी केवढी हाय? त्या मापानं नेफा ठेवतो."

"काठी न्हाय," आबा म्हणाले. "आडवाच पसरायचा. चार कोपऱ्याला दोऱ्या द्या. म्या रिकामे डबे बांधतो. पुतन्याची होडी हाय, तिच्यातनं नेनार."

"कुठं?" मी विचारलं.

"आमच्या गावावर."

मला लगेच कळलं नाही. गुरुजींना कळलं. त्यांनी हळूच विचारलं, "जुनं गाव का? उजनीत गेलेलं?"

"व्हय. धरण झालं तवा गेलं. म्या पंचविशीत व्हतो."

"एवढ्या पाण्यात जागा कशी सापडते तुम्हाला?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आबांनी काउंटरवरची कात्री आडवी ठेवली, टेप उभी. "ह्यो टेकाडावरचा लिंब. ह्यो रेल्वेच्या बाजूचा टावर. दोन्हीच्या रेघा धरल्या, की जितं मिळत्यात, तितं खाली आमचं दार."

"पण आबा, आडवा पसरला तर काठावरून कुणाला दिसणार?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी अगदीच येडं विचारल्यासारखं.

"काठावरनं कशाला? खालनं, गावातनं दिसला पायजे."

गुरुजींनी टेबलावरचा पेपर उचलून जागा मोकळी केली.

चाचांनी पिवळ्या कापडाचा गठ्ठा टेबलावर सोडला. खडू घेतला, माप टाकलं. मग थांबले. कापड एकदा पलटलं, हाताने चाचपलं, पुन्हा पलटलं.

"आबा, मग सुलटी बाजू खाली ठिवू ना?"

"व्हय," आबा म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "शिवण वर येऊ द्या."