बाबांनी भरलेली हवा

ज्या देशात चढ म्हणून दाखवायला कालव्यावरचा पूल आहे, त्या देशात राहून माझ्या नवऱ्याला डोंगरातल्या बर्फातून गाड्या हाकायचा छंद लागला. टिलबर्गमध्ये आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत जमीन अशी सपाट की पोळपाट लाजेल. पण त्याच्या ऑफिसातले चार डच लोक दर हिवाळ्यात आइसलँडला जातात, कमरेएवढ्या चाकांच्या गाड्या भाड्याने घेतात आणि रस्ता नसलेल्या बर्फातून कुठल्यातरी गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबून येतात. त्यांचे फोटो बघून हा पाघळला. मी म्हटलं, अरे, गरम पाणी नळाला येतं की! पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि याच्या हौसेला तर डोकंही नव्हतं.

त्या वर्षी मात्र मला नाही म्हणायची सोय राहिली नाही, कारण बाबा आले होते. आई जाऊन सहा महिने झाले होते. कराडच्या घरात ते एकटेच, सकाळी केलेला भात रात्री खायचे. मी हट्टाने तीन महिन्यांचा व्हिसा काढून त्यांना घेऊन आले. मनाशी ठरवलं होतं, एकदा इथे रमले की दर हिवाळ्यात त्यांना आमच्याकडेच आणायचं. आणि तिसऱ्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "पोरी, तिकीट जरा अलीकडं करून घे."

"का? काय कमी आहे इथे?"

"कमी काय नाही गं. जयंतीची तयारी असती. मंडपाचं बघायला लागतं."

जयंती एप्रिलमध्ये, आणि हे बोलणं चाललं होतं जानेवारीत! मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते नीट बघितलं, मान डोलावली आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला हा माणूस. बोनेट उघडं दिसलं की बाही वर सारणारा. पण इथे मी त्यांना काडी इकडची तिकडे करू देत नव्हते. भांडी मशीनला, कपडे मशीनला. "बाबा, तुम्ही बसा," हे मी दिवसातून वीसदा म्हणायचे, आणि आपण किती माया करतोय या विचाराने माझं मलाच बरं वाटायचं. त्या दिवसांत माझी सायकलसुद्धा वाऱ्याविरुद्ध हलकी चालायची. बाबा आलेत म्हणून अंगात जोर आलाय, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं.

त्यात बाबांचे गुडघे दुखायला लागले. आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. तिने रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली आणि वर म्हणाली, गरम पाण्यात बसवा त्यांना. झालं! नवऱ्याला आयतं कोलीत मिळालं. "बघ, आता डॉक्टरच म्हणतेय."

"आमच्याकडं गरम पाण्याच्या कुंडापर्यंत एसटी जाती, जावईबापू," बाबा म्हणाले. पण तयार झाले. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की परत येईपर्यंत तिकिटाचं नाव काढायचं नाही, आल्यावर ठरवू. एकदा त्या पाण्यात बसले, गुडघ्यांना आराम पडला की राहतील, असं मी धरून चालले होते. माझी सगळी भिस्त त्या झऱ्यावर.

तिथे पोचल्यावर संध्याकाळी आमच्या गाइडने सगळ्यांना एका लाकडी खोलीत बसवून तासभर इंग्रजीत समजावलं. ही आडव्या खांद्यांची, कमी बोलणारी बाई. ती सांगत होती ते असं, की खोल बर्फात शिरायच्या आधी चाकांमधली हवा काढून टाकायची, पंचवीस पॉइंटवरून थेट चारवर. चाक बसकं होऊन पसरतं आणि गाडी बर्फावर तरंगते. हवा भरलेलं चाक बर्फ कापत खाली जातं आणि गाडी रुतते. परतीला पक्का रस्ता लागला की गाडीतल्याच कॉम्प्रेसरने पुन्हा भरून घ्यायची.

बाबांनी मला तीनदा कोपराने ढोसलं. "काय म्हणतीय?"

"काही नाही हो बाबा, सेफ्टीचं. नंतर सांगते." मला ऑफिसचा एक मेसेज आला होता, त्याचं उत्तर देत होते. ते 'नंतर' काही आलं नाही.

पहाटे निघालो. पुढच्या गाडीत गाइड आणि ते चौघे, मागच्या गाडीत आम्ही तिघे. बाबा कानटोपी, मफलर आणि माझ्या जॅकेटचा हुड असं सगळं चढवून पुढच्या सीटवर घोरत होते. बर्फ सुरू झाला तिथे सगळ्यांनी उतरून चाकांची हवा काढली, तरी त्यांना जाग आली नाही. मग दोन तास माझी हाडं खिळखिळी झाली. सगळीकडे पांढरं, वर पांढरं, खाली पांढरं, आणि नवरा दर पाच मिनिटांनी विचारतोय, "मजा येतेय ना?" मी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी कडी धरून बसले होते. मजा कसली डोंबलाची!

वाटेत एक लाकडी झोपडी लागली. तिथे सूप घ्यायला थांबलो. थंडी एवढी की गाड्यांची इंजिनं बंद करायची नाहीत असा दंडक. बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी जरा पाय मोकळे करतो." मी चिडले, आजारी पडाल म्हणून ओरडले, आणि आत जाऊन पाऊण तास शेकोटीपाशी बसले.

बाहेर आलो तेव्हा बाबा सीटवर येऊन बसले होते आणि रुमालाने बोटं पुसत होते. चेहरा एकदम टवटवीत. मला वाटलं, हवा मानवली. नवऱ्याने चाकांकडे ढुंकूनही बघितलं नाही, तो फोटो काढत होता. वारा वाढत होता आणि गाइड घाई करत होती. समोरच्या उतारामागून वाफ वर येताना दिसत होती. अर्ध्या तासाची वाट, ती म्हणाली.

पन्नास पावलंसुद्धा गेलो नसू, तोच गाडी दारांपर्यंत खाली बसली.

गाइड परत आली, वाकली, बर्फ बाजूला करून तिने चाक दाबून बघितलं. "यांना हात कोणी लावला?"

तिने काय विचारलं हे बाबांना न सांगताच कळलं. ते खाली उतरले. मागच्या सहा आठवड्यांत मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. "मी भरली. चारीच्या चारी चाकांची हवा उतरली होती, एकाच्यापण ध्यानात आलं नाही! कॉम्प्रेसर सोपा आहे गं, आपल्या डेपोतल्यासारखाच. पुढच्या गाडीची पण भरणार होतो, पण वेळ झाला नाही."

आणि मी ओरडले. सगळ्यांसमोर, त्या उजाड पांढऱ्या माळावर. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? काही करू नका, काही करू नका म्हणून बोंबलतेय ना मी! नुसतं बसता येत नाही का तुम्हाला?"

ते डच लोक मराठीचा एक शब्द न कळताही खाली बघायला लागले.

गाइडने मला शांतपणे विचारलं, "मी काल सांगितलं ते यांना कळलं नव्हतं का?"

"मी सांगायला विसरले," मी म्हणाले. तिला म्हणाले, इंग्रजीत. बाबांना नाही म्हणाले.

मग तिनेच हातवारे करून, चाकावर तळवा पसरून त्यांना समजावलं. दोन मिनिटं लागली. बाबा ते दुखरे गुडघे टेकून बर्फात बसले आणि एकेका चाकाची हवा सोडत गेले, मुठीने दाबून अंदाज घेत. गाइडने मागून मीटर लावून बघितलं, चारही बरोबर. तिने खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. बाबा हसले नाहीत. आम्ही सगळ्यांनी दीड तास फावडी मारली, पुढच्या गाडीने ओढून काढलं, पण तोवर वादळ जवळ आलं होतं. ती वाफ तिथेच सोडून आम्ही मागे फिरलो.

परतताना नवऱ्यालासुद्धा मजा येतेय का विचारायचं सुचलं नाही. मग बाबाच म्हणाले, "काल ती बाई हेच सांगत होती ना?"

"हो."

"मग मला सांगायचंस की. हे काम मला जमलं असतं." थोड्या वेळाने काच पुसत ते म्हणाले, "नुसतं बसायचं तर तिकडंच बसतो. तिकडं बसलेलं कुणाला दिसत तरी नाही."

मला माफी मागायची होती. पण मी म्हणाले, "हीटर वाढवू का?"

त्यांचं तिकीट अलीकडे करून घेतलं. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नवऱ्याला म्हणाले, गाडी सावकाश चालवा.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी स्टेशनला निघाले आणि कालव्याच्या पुलावर दमले. सायकल चिखलातून ओढल्यासारखी जड. उतरून चाक दाबलं तर मऊ. तशीच घरी ढकलत आणली. नवऱ्याची बघितली, तीही मऊ. शेडमध्ये पंप खिळ्याला नीट टांगलेला होता आणि त्याच्या गार दांड्याला बाबांचा जुना रुमाल गुंडाळून गाठ मारली होती. मी तिथेच खाली बसले आणि रडले. माझी ट्रेन गेली, मीटिंग गेली.

मग फोन लावला. "बाबा, सायकलीत हवा तुम्ही भरत होता?"

"दर रविवारी. तुम्ही उठायच्या आत."

"मग मला सांगायचं नाही का!" मी पुन्हा ओरडलेच.

"सांगितलं असतं तर 'बाबा, तुम्ही बसा' म्हणाली असतीस."