ग्वाल्हेर इंजिन

टिल्लूकाका कुठल्याही यंत्राकडे आधी बघत नसत, ऐकत. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचे, त्याचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचे, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. माझा फ्रिज, समोरच्या शर्मांचा कूलर, दूधवाल्याची मोटरसायकल, सगळ्यांची तपासणी त्यांनी अशीच केली. माझ्या फ्रिजला कान लावून म्हणाले, "आतून रडतो आहे. दोन महिने अजून चालेल, मग एकदम बसेल." अडीच महिन्यांनी तो बसला. मी कौतुकानं सांगायला गेले तर त्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे मी सांगूनसुद्धा कोणी त्याला बघितलं नाही," एवढंच म्हणाले.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. काका बिडला नगरच्या कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या माणसांना कितीतरी दिवस झोप लागली नाही, असं ते सांगत. कारण विचारलं तर म्हणायचे, "आवाज गेला ना, मॅडम. पगार तर नंतर गेला." पुढे लग्नं लागतात त्या गार्डनांमध्ये जनरेटर सांभाळण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. हे घर काकूंच्या पगारातून उभं राहिलं. त्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या. मी त्यांना फक्त कपडे वाळत घालताना पाहिलं. काकांची नि माझी खरी ओळख झाली तोवर त्या गेल्या होत्या, आणि माझी आईही. मुलगा इंदूरला. तो रोज संध्याकाळी फोन करून गोळी घेतली का विचारायचा. काका "घेतली" म्हणायचे आणि फोन संपायचा.

टिल्लू हे नाव आधी ट्रॅक्टरचं होतं, नंतर काकांना चिकटलं. आमच्याकडे हिंदीत बुटक्याला टिल्लू म्हणतात, आणि तो ट्रॅक्टर होताच तसा. चार छोटी चाकं, लोखंडी सीट, कमरेएवढं बॉनेट. एखाद्या कोठीची, मोठ्या बंगल्याची, हिरवळ कापायला, बागेतली माती उलटवायला कधीतरी कुणी हौसेनं आणला असावा. काकांना तो हजिरा भागातल्या एका कबाड्याकडे, भंगारातल्या फुटक्या पलंगांखाली सापडला. हातठेल्यावर घालून घरी आणला तेव्हा इंजिन इतकं जाम होतं, की आतला पिस्टन केसभरही हलेना. काकांनी सिलिंडरमध्ये घासलेट आणि तेल ओतून ठेवलं. मग रोज सकाळी अंघोळ करून यायचे, चाक हातानं थोडं ढकलून बघायचे आणि परत जायचे. तीन आठवडे होऊन गेले. मी म्हटलं, हातोडीनं दोन ठोके घालून बघा. ते दुखावल्यासारखे झाले. "जबरदस्ती नाही करायची. इतके वर्ष कोणी विचारलं नाही त्याला. त्याला मनवायला टाइम लागेल." सव्विसाव्या की सत्ताविसाव्या दिवशी ते चाक बोटभर फिरलं. त्या दिवशी काकांनी गल्लीत कुणालाच काही सांगितलं नाही. फक्त माझ्याकडे वाटीभर साखर मागायला आले, आणि ती घ्यायला विसरून परत गेले.

कार्बोरेटरच्या आतला, इंधनावर वरखाली होणारा एक पितळी तरंगा मात्र कुठे मिळेना. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि फोन बऱ्यापैकी हाताळते, म्हणून काकांनी मला गाठलं. जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या लोकांचा एक ग्रुप मी शोधून काढला आणि तिथे टिल्लूचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी मिरजेजवळच्या एका खेड्यातून कुणा आप्पांचा व्हॉइस मेसेज आला, "ह्यो तर आमच्याकडच्याचा सख्खा भाऊ दिसतोय. तरंगा हाय माझ्याकडं जादाचा. पत्ता पाठवा." आठ दिवसांनी तो तरंगा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आला. सोबत गुळाची छोटी ढेप होती. काकांनी त्या हिवाळ्यात उलट टपालानं तिळगुळाची गजक पाठवली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला फोन. तिकडे आप्पा आपला ट्रॅक्टर सुरू करणार, इकडे काका टिल्लू सुरू करणार, आणि दोघं एकमेकांची इंजिनं ऐकणार. इंजिन सुरू करायची दोरी ओढायला काकांचे दोन्ही हात लागत, म्हणून फोन धरायला मी.

"काय वो पाव्हणं, कसं वाजतंय आज?"

"सकाळपासून दोनदा बंद झाला. आता चांगला लागतो आहे."

"चांगला लागतोय म्हंजे? जेवताय का काय त्याला?" आप्पा हसायचे. आमची ग्वाल्हेरची मराठी त्यांना फार मजेची वाटे. काका "थांबा, मी चाय पिऊन घेतो, मग गोष्ट करू" म्हणाले की आप्पा तिकडे म्हणत, "करा, गोष्ट करा. राजाची करा, राणीची करा." काकांना यात काय हसण्यासारखं आहे ते कधी कळलं नाही. पण आप्पा हसले की तेही हसत, जरा उशिरानं.

चार वर्षं मी ते बोलणं ऐकलं. प्लग, पट्टा, तेल, धूर, एवढंच. आप्पांना किती मुलं, काकांची बायको कशानं गेली, यातलं एक अक्षर नाही. एकदा कोपऱ्यात मला वाकवलेल्या सळईचं एक स्टँड दिसलं, वर फोन अडकवायला खाच, त्यावर धूळ. मी विचारलं, हे असताना मी कशाला उभी राहते? काका नट आवळत होते. म्हणाले, "बनवलं होतं पहिल्या हप्त्यातच. पण त्याला चाय कुठे पाजता येते?" तेव्हा आई जाऊन पाच महिने झाले होते, आणि रविवारी माझ्या घरी स्वयंपाकही होत नसे. मी ते स्टँड होतं तिथेच ठेवून दिलं आणि पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना भिंतीपलीकडे गेले.

फोन झाला की काका टिल्लू बाहेर काढत. माणसाच्या चालीनं कॉलनीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटपर्यंत जात, मागे छोटा फाळ लावून तेवढीच जमीन उभी-आडवी नांगरत. कधी मेथी टाकत, कधी मोहरी, कधी काहीच नाही. त्या वेळी त्यांची पाठ ताठ असायची. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर घोड्यावर आले होते, ते मला अशा वेळी खरं वाटे. गल्लीतली मुलं मागे धावत, बसू द्या म्हणत. काका कुणालाही बसवत नसत. "सीट एकच आहे," सांगत. "बनवणाऱ्यानं काही विचार करूनच बनवलं असेल."

भेटायचे बेत दर वर्षी होत. आप्पा म्हणायचे, यंदा हळद निघाली की येतो. काका म्हणायचे, ऊन कमी झालं की निघतो. एका वर्षी मी हट्टानं मिरजेच्या गाडीचं तिकीट काढायला बसले तर काकांनी माझा हात धरून थांबवला. मग म्हणाले, "भेटलो तर गोष्ट काय करणार, मॅडम? मध्ये इंजिन नसेल."

गेल्याच्या गेल्या वर्षी, थंडी सरत आली होती तेव्हा, एका रविवारी आप्पांनी फोन उचलला नाही. काका म्हणाले, शेतात असतील. पुढच्या रविवारीही नुसतीच घंटी वाजत राहिली. काकांनी टिल्लू सुरू केला नाही. समोर स्टूल टाकून बसून राहिले. तिसऱ्या रविवारी एका बाईनं फोन उचलला.

"मी सून बोलतीय, सुनंदा. काय काम हुतं? पार्ट पाठवायचा हुता का?"

मी म्हटलं, आप्पांना द्या.

"मामंजी वारले की. तेरावं झालं परवा."

फोनचा स्पीकर चालू होता. काका वाकून टाकीचं झाकण पुसत होते. ते पुसतच राहिले.

"कळवायला पायजे हुतं, माफ करा," सुनंदा म्हणाली. "पण फोनात तुमचं नाव 'ग्वाल्हेर इंजिन' असं लिवलंय. आम्हांला वाटलं दुकान असंल."

काकांनी फडकं खाली ठेवलं, माझ्या हातातला फोन तोंडाशी ओढला आणि विचारलं, "त्यांचा ट्रॅक्टर चालू आहे?"

"न्हाई वो. कुणाला जमतच न्हाई. ह्यांनी दोरी वडून बघितली, दीर आले, त्यांनी बघितली. आता इकायचं म्हणतात भंगारात."

"तुम्हाला आत्ता वेळ आहे?"

मग चपला घातल्याचा, मग दार सरकवल्याचा आवाज आला. "हं. सांगा," ती म्हणाली.

पुढची वीस मिनिटं काका त्या न पाहिलेल्या शेडमध्ये होते. टाकीखालचा नळ उघडा. डावीकडे नाही, स्वतःकडे. चोक ओढा. दोरी दोन वेढे गुंडाळा. "लगेच नका ओढू. हळूहळू आणा. कुठेतरी अडेल, तिथे थांबा. अडलं? आता तिथून ओढा. पूर्ण हात." पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा एक ठसका. सुनंदाला दम लागला होता. "बसा थोडं," काका म्हणाले. "तो नाराज आहे. तुमची चुकी नाही." चौथ्या ओढीला इंजिन पेटलं आणि फोन त्या आवाजानं भरून गेला.

काका ऐकत उभे राहिले. सुनंदा आनंदानं काहीतरी ओरडून सांगत होती, मग तिनं विचारलं, "आता बंद कसा करायचा?" तिनं पुन्हा विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "प्लगजवळ एक लोखंडी पत्ती आहे. लाकडानं दाबून धरा, हात नका लावू." इंजिनाचा आवाज अडखळला, आणखी दोन वेळा धडधडला आणि थांबला. "भंगारात नका देऊ, बेटा," काका म्हणाले. "तेल मात्र बदला."

सुनंदानं ट्रॅक्टर विकला नाही. घरामागच्या तुकड्यात ती तो स्वतः चालवू लागली. अडलं की फोन करायची, आणि काका मन लावून सांगायचे. एकदा मी म्हटलं, रविवार परत सुरू झाले म्हणायचे. काकांनी नाही अशी मान हलवली. "मुलगी चांगली आहे. जलदी शिकते. पण तिला काही विचारायचं असतं, म्हणून ती फोन करते. आप्पांना काहीच विचारायचं नसायचं."

मग काकांचा खांदा गेला. दोरी ओढता येईना. मला ओढायला सांगतील असं वाटत होतं, पण त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलगा येऊन आठ दिवस राहिला, घर बघायला माणसं येऊन गेली, आणि इंदूरला चौथ्या मजल्यावर जायचं ठरलं. टिल्लू सुनंदाकडे पाठवायचा असं काकांनी एकट्यानंच ठरवलं. सगळा खोलून साफ केला, पुन्हा जोडला, नवा पट्टा चढवला. स्टिअरिंगला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली: 'थंडीत दोनदा चोक. गरम असताना नाही. उतारावर उभा करू नये.' ट्रान्सपोर्टची माणसं त्याला फळीवरून ट्रकात चढवत होती तेव्हा काका आत मोरीत घासलेटनं हात धूत होते. ट्रक गल्लीबाहेर गेला तरी पाण्याचा आवाज येत होता.

जाताना ते मला म्हणाले, "तुम्ही पण कुठे फिरायला जात जा, मॅडम." मी म्हटलं, जाईन. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

इंदूरहून सुरुवातीला फोन यायचे. तिथे करायला काही नाही, सून चांगली आहे, बाल्कनीतून दुसरी बाल्कनी दिसते. मग मीच करू लागले, आणि ते दोन वाक्यांत आटपू लागले. यंदा दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. मी विचारलं, आणखी कुणाला कळवायचं आहे का? तो म्हणाला, "नाही, आता कोण उरलं आहे त्यांचं."

शाळेला रजा टाकली. दुपारपर्यंत घरात बसून होते. मग सुनंदाला फोन लावला आणि सांगितलं. तिच्या मागे कुठेतरी म्हैस रेकली. मी तिला विचारलं, दोन्ही ट्रॅक्टर ठीक आहेत ना? ती म्हणाली, ठीक हायत. तिनं विचारलं, काकांना त्रास झाला का? मी म्हटलं, नाही. एवढ्यावर आमच्याजवळचं बोलणं संपलं. आम्ही दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. फोन ठेवायला हवा होता, पण तिनं ठेवला नाही आणि मीही नाही.

मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात का?"

मी खरं ते सांगितलं. नाही म्हटलं.