गुरुवारची गाडी आणि किंचाळणारा बेल्ट

आमच्या गाडीला काही आवाज येत नाही, असं अख्ख्या बिबवेवाडीत एकच माणूस म्हणत होता, आणि नेमका तोच गाडी चालवत होता.

सकाळी किल्ली फिरवली रे फिरवली की बॉनेटखालून अशी किंचाळी निघायची की पार्किंगमधली कबुतरं उडून जायची. एसी लावला की पुन्हा. गेटमधून वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुन्हा. पहिल्या मजल्यावरच्या बाई जिन्यात मला म्हणाल्या, "आम्ही हल्ली गजर लावतच नाही. तुमचे मिस्टर निघाले की उठतो." मी वर येऊन हे आमच्या यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्या बाईंना गणपतीच्या मूर्तीतसुद्धा खोट दिसते."

"अहो, इंजिनाचा बेल्ट ओरडतोय तो. बदलून तरी घ्या."

"अगं, तू शाळेत भूगोल शिकवायचीस ना? मग नद्यांचं बघ."

यांचा जन्म गेला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे पत्रे दाबून गाड्यांचे दरवाजे बनवतात तिथे. त्यामुळे यंत्राबद्दल घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, असा अलिखित नियम. मी तो रोज मोडते, तो भाग वेगळा.

एरवी मी हे सोडूनही दिलं असतं. पण मध्ये गुरुवार होता. आमची लेक खराडीला राहते. तिला गुरुवारी ऑफिसात जावंच लागतं, म्हणून त्या दिवशी नातीला शाळेतून घेऊन यायचं काम आजोबांचं. सहा वर्षांची नात मागच्या सीटवर, पुढे आजोबा, आणि दोघांचं राज्य. बुधवारी संध्याकाळपासून हे गाडी पुसायला लागायचे. वाढदिवस विसरतील, माझा तर हमखास विसरतात, पण गुरुवार नाही.

एका गुरुवारी शाळेच्या फाटकातच गाडी एवढ्या मोठ्यांदा किंचाळली की दुसऱ्या मुलांच्या आया दचकून मागे सरल्या. संध्याकाळी लेकीने फोन केला. मी स्पीकरवर टाकला.

"बाबा, तो आवाज बंद होईपर्यंत तिला त्या गाडीतून आणू नका. रस्त्यात बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी बसेल. मी व्हॅन लावते."

"कसला आवाज?"

"बाबा, प्लीज!"

फोन ठेवल्यावर हे नुसतं म्हणाले, "व्हॅन म्हणे," आणि रात्रीच्या जेवणात ताक घेतलं नाही. ताकाशिवाय हे उठले म्हणजे प्रकरण गंभीर.

दुसऱ्या दिवशी यांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. कॅम्पात यांचे कारखान्यातले एक दोस्त राहतात. दोघांनी समोरासमोरच्या प्रेसवर उमेदीची सगळी वर्षं काढली. शुक्रवार होता, ते जुम्म्याचा नमाज आटोपून थेट आले, खांद्यावर हत्यारांची पिशवी. हे दोघं एकत्र आले की गप्पा अशा मारतात, जणू एक पर्वतीवर आणि दुसरा सिंहगडावर उभा आहे. मला वाटायचं, मैत्री दांडगी आहे.

"वहिनी, तुम्ही गाडीत बसा, एसी लावा, स्टिअरिंग फिरवून धरा," दोस्तांनी हुकूम सोडला. "आम्ही बेल्टवर पाणी मारून बघतो. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर थांबला तर बेल्ट वाकडा चालतोय. वाढला तर सैल आहे."

"आवाज असेल तर ना!" हे म्हणाले आणि माझी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली मला न विचारता उचलून आणली.

मी गाडी सुरू केली. बेल्ट किंचाळला. यांनी दोन फवारे मारले आणि तो असा काही कर्कश ओरडायला लागला की माझ्या दाढा शिवशिवल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाई कानात बोटं घालून गॅलरीत आल्या. आणि बॉनेटवर वाकलेले आमचे दोन तज्ज्ञ? चेहरे शांत, समाधानी. पूजेचे नारळ बघतात तसे बेल्टकडे बघत होते.

"बघ," हे म्हणाले. "एकदम गप्प."

"मख्खन!" दोस्त म्हणाले.

ह्यांना ऐकू येत नाहीये. दोघांनाही. बाकी सगळं येतं, हा एवढा आवाज तेवढा नाही. इतकी वर्षं त्या प्रेसच्या दणदणाटात उभं राहून बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून कधीच निघून गेले होते. आणि शेजारी उभा राहून साक्ष द्यायला माणूस आणला होता, तोही त्याच शॉपमधला!

तेवढ्यात दोस्तांनी सवयीने पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. कारखान्यात बेअरिंग तपासायची त्यांची ती रीत: टोक यंत्राच्या स्थिर भागावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेल्ट ज्या चाकावरून फिरतो, त्या पुलीच्या बोल्टवर त्यांनी टोक धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. काही न बोलता त्यांनी स्क्रू ड्रायव्हर यांच्या हातात दिला. यांनी मूठ कानामागे लावली.

"अरे," हे म्हणाले. "आत घरघर आहे की. बेअरिंग गेलंय."

मी गाडी बंद करून उतरले. "घरघर हाडातून आली. आणि किंचाळी? पार त्या बाईंना वरपर्यंत ऐकू गेली ती?"

दोघांनी आधी वर गॅलरीत बघितलं, मग एकमेकांकडे.

पुढचं काम मात्र त्यांनी झोकात केलं, उगीच नावं ठेवणार नाही. नाना पेठेतून नवा बेल्ट आणि पुली आली. जुना बेल्ट आतून आरशासारखा गुळगुळीत झाला होता, म्हणून घसरत होता. तो उत्साहाने ओढून काढला आणि मग लक्षात आलं, की कुठल्या पुलीवरून कसा गेला होता हे दोघांपैकी कुणीच बघून ठेवलं नव्हतं. त्यावर अर्धा तास भांडण. मी बेल्ट निघण्याआधी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. भूगोलवालीने नकाशा काढून ठेवला होता. आभार कुणीही मानले नाहीत.

शेवटी गाडी सुरू केली आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"गेला," मी म्हटलं.

"नक्की?"

"गाडीचा नक्की. आता कान. लेकीला तुम्ही सांगता की मी सांगू?"

दोस्तांनी कान तपासून घ्यायला साफ नकार दिला. म्हणाले, "वहिनी, घरात मला जी शांतता मिळते, ती कशाला घालवता?" पण यांनी स्वतः फोन लावला, आणि न अडखळता सांगितलं. लेक म्हणाली, "कानाला मशीन लावा बाबा, मग गुरुवार तुमचा." एरवी चष्म्यासाठी वर्षभर टाळाटाळ करणारा माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात उभा.

मशीन लावल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मीही बरोबर गेले, तशी लेकीची अटच होती. नात मागे बसली, पट्टा लावला, आणि जी सुरू झाली! वर्गातल्या बाईंनी काय सांगितलं, कोण कुणाशी कट्टी आहे, डब्यातली भेंडी कुणाला दिली. सिग्नलला यांनी गाडी थांबवली आणि हळूच मला विचारलं, "ही रोज इतकं बोलते?"

"रोज."

"मग मी इतके दिवस काय म्हणत होतो?"

मागून उत्तर आलं, "आजोबा, तू नेहमी 'हो बाळा' म्हणतोस. मांजर आणायचं का विचारलं, त्याला पण हो म्हणालास. दोनदा विचारलं होतं मी."

ह्यांना त्या मुलीच्या बारीक आवाजातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि हे सगळ्याला हो म्हणत गेले होते.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. यांनी तो ऐकला, पण घाई केली नाही. आरशात बघत विचारलं, "कुठल्या रंगाचं हवं होतं, बाळा?"