निळं झाकण

मंडळाच्या दिवाळी अंकात लिहायची माझी योग्यता नाही, हे आधीच कबूल करतो. अंकात लिहिणारे काका-काकू डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. मी आत्ता कुठे कम्युनिटी कॉलेजात जायला लागलोय आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझं मराठी आईच्या तोंडून आलेलं आहे, पुस्तकातलं नाही. संपादक काकूंनी गणपतीत गाठून सांगितलं, "तू फौजेत होतास ना? मग लिही." शेजारचे काका हसले. "फौज कसली? तटरक्षक दल! म्हणजे समुद्रावरचा ट्रॅफिक पोलीस." काका फार चुकीचं बोलले नाहीत. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हायस्कूल झाल्यावर मी अमेरिकेच्या तटरक्षक दलात भरती झालो. शिक्षणाचा खर्च नंतर सरकार देतं, हे मुख्य कारण. दुसरं कारण बाबा. ते रत्नागिरीजवळच्या मच्छीमारांच्या गावातले. आता इथे टेक्सासात, प्लेनोच्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहेत, पण मासा कापताना अजून त्याच्या डोळ्यांकडे बघतात. मला वाटलं, त्यांना आवडेल. त्यांनी विचारलं, "काम काय असतं?" मी म्हटलं, "समुद्रात लोकांना वाचवायचं." ते "बरं" म्हणाले.

पोस्टिंग टेक्सासच्या दक्षिण टोकाला मिळालं. लहान स्टेशन. खाडी, हॉटेलांचं बेट, आणि थोड्या अंतरावर नदीचं मुख. नदीपलीकडे मेक्सिको. पलीकडचे मच्छीमार लांचा घेऊन आमच्या हद्दीत यायचे. लांचा म्हणजे लांब, उघडी फायबरची होडी, मागे एकच इंजिन. रेडिओ नाही, दिवा नाही. ते पाण्यात लांबलचक दोर सोडायचे, त्याला शेकडो गळ. येणारा मासा रेड स्नॅपर, म्हणजे आपली तांबोशी. त्यांच्या बाजूची तांबोशी संपत आली होती, आमच्या बाजूला होती.

शिक्षा ठरलेली. पकडायचं, मासे आणि दोर जप्त, होडी जप्त, माणसं नदीवरच्या पुलावरून मेक्सिकोत परत. काही आठवड्यांनी तोच माणूस नव्या होडीत. आमच्या आवारात जप्त लांचा एकावर एक रचलेल्या असायच्या. काम संपल्यावर मी कधी कधी त्यांच्याकडे बघत बसायचो. गावाकडे पावसाळ्यात होड्या अशाच किनाऱ्यावर ओढून ठेवतात, असं बाबा सांगायचे.

आमचा कॉक्सवेन, म्हणजे बोट चालवणारा आणि बोटीवरचा प्रमुख, डेल्गाडो. त्याचे आजोबा नदीपलीकडचे. स्पॅनिश त्याची घरातली. त्याच्यामुळे मलाही कामापुरती आली. पकडलेल्यांतला रामोन त्याला चांगला ओळखायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने फटकळ. त्याचा धाकटा भाऊ बेतो नेहमी त्याच्याबरोबर असायचा. बेतो कमी बोलायचा आणि पकडला गेला की आधी आमच्याकडे कॉफी मागायचा.

२००६च्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी गस्तीवर चौघे होतो. समुद्र शांत, हवा उबदार, जरा जास्तच उबदार. बेटाच्या पूर्वेला दोन लांचा दिसल्या. त्या दिवशी भावांना तिसरा माणूस मिळाला नव्हता. म्हणून एकेका होडीत एकेक. बेतो दोर ओढत होता, रामोन मासे सोडवून घेत होता. आम्हाला बघताच दोघांनी दोर तोडला आणि दक्षिणेकडे होड्या सुसाट सोडल्या.

पळताना ते होडी हलकी करतात. सगळेच करतात. आधी मासे, मग गळांचे टब, मग पेट्रोलचे डबे पाण्यात. सगळ्यात शेवटी जीपीएस. त्यात दोर कुठे सोडला त्या जागा असतात, म्हणजे पुरावा. पुरावा गेला की भांडता येतं. ही त्यांची पद्धत होती आणि आम्हाला पाठ होती.

रामोनचं इंजिन खोकलं आणि आम्ही त्याला गाठलं. बेतो हद्दीपलीकडे गेला.

"जाऊ दे," डेल्गाडो म्हणाला. "एक पुरे. दुसरा घरी जेवायला जाईल."

रामोन आमच्या बोटीत चढला. चढताचढताच सुरू झाला. "डेल्गाडो, माझी मागची होडी बरी आहे ना? रोज आंघोळ घालतोस ना तिला?"

"तिचं लग्न लावून दिलं," डेल्गाडो म्हणाला. "खाली बस."

मी त्याला लाइफजॅकेट चढवत होतो. तो उत्तरेकडे बघत होता. तिकडे क्षितिजावर गडद निळी पट्टी उठली होती. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना नॉर्दर माहीत आहे. अर्ध्या तासात हुडहुडी भरवणारा उत्तरेचा वारा. प्लेनोत आपण कपाटातून स्वेटर काढतो. तिथे समुद्र उभा राहतो.

रामोनचं हसू गेलं. "बेतोने डबे टाकले."

"तूही टाकलेस."

"त्याने दोन्ही टाकले. माझ्या आधी. मी पाहिलं." मग तो हळू म्हणाला, "टाकीत होतं ते पळण्यात संपलं असेल. जीपीएसही नाही. डेल्गाडो, तो किनाऱ्याला लागणार नाही."

डेल्गाडोने रेडिओ उचलला. "स्टेशन, दुसरी लांचा, एक माणूस, इंधन संपल्याची शक्यता. आता ही सर्च अँड रेस्क्यू केस आहे. हद्दीपलीकडे जायची परवानगी द्या."

"स्टँड बाय."

पलीकडच्या देशाला कळवावं लागतं. नियम आहे, आणि नियम बरोबर आहे. आम्ही थांबलो. वारा आला. आधी थंडी, मग लाटा. रामोन माझी बाही धरून होता. "तुझा भाऊ आहे का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने बाही सोडली नाही.

परवानगी आली. रामोनची लांचा तिथेच सोडून आम्ही वाऱ्याच्या दिशेने दक्षिणेला गेलो. लाटा आमच्या बोटीला झेपणाऱ्या उंचीपर्यंत पोचल्या, मग तिच्याही वर. स्टेशनचा आदेश आला, "रिटर्न टू बेस. मोठं जहाज निघालं आहे."

"दहा मिनिटं," डेल्गाडो म्हणाला.

"निगेटिव्ह."

"स्टेशन, आवाज नीट येत नाही." आवाज नीट येत होता.

त्या वेळात आम्हाला एकच वस्तू मिळाली. बर्फाच्या पेटीचं निळं झाकण. मी हुकने ओढून घेतलं. त्याला दोरीचा कान होता. रामोनने तो बोटांनी चाचपला. "ही गाठ माझी," तो म्हणाला. मग उभा राहून "बेतो!" ओरडायला लागला. आम्ही चौघेही ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. रामोन पाण्यात उतरायला निघाला, तेव्हा दोघांनी त्याला खाली दाबून धरलं. मग डेल्गाडोने बोट वळवली.

जहाजाने शोधलं, विमानाने शोधलं. तिसऱ्या दिवशी शोध थांबला. रामोनला पुलावरून परत पाठवलं. झाकण काखेत. जप्तीत ते डेल्गाडोने लिहिलं नाही.

मी घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "आमच्याकडे बुडालेला मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळतात. तोवर घरचे थांबतात, रोज किनाऱ्यावर जातात. त्यांच्यात काय करतात?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यांत कळलं. रामोन आमच्या हद्दीत पुन्हा सापडला. होडीत गळ नाहीत, दोर नाही, बर्फ नाही. फक्त पेट्रोल आणि पाणी. "काय करतोयस?" "बघतोय." त्याला पुन्हा पुलावरून पाठवलं. होडी जप्त, कारण होडी जप्त करायची असते. तो पुन्हा आला. पुन्हा रिकामा. आता तो टोमणे मारत नव्हता. एकदा मी त्याला कॉफी दिली, तर कप हातात धरून बसला आणि गार झाल्यावर परत दिला.

२००७ साली माझी नोकरी संपली आणि मी प्लेनोला परतलो. स्टेशनच्या भिंतीवर कर्तव्यावर असताना गेलेल्या आमच्या माणसांची नावं आहेत. मे महिन्यात, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, ती मोठ्याने वाचतात. बेतोचं नाव तिथे असायचं कारण नाही. तो आमचा नव्हता, आणि आम्ही त्याला पकडायला निघालो होतो. यंदा मे महिन्यात मी किचनमध्ये बाबांशेजारी उभा राहून ते नाव एकदा घेतलं. बाबांनी सुरी खाली ठेवली.

हे लिहीत असताना, गेल्या आठवड्यात, डेल्गाडोचा फोन आला. माझ्या परीक्षेची चौकशी केली. मग म्हणाला, "रामोन सापडला."

"रिकामा?"

"नाही. दोर होता, गळ होते. पेटीभर बर्फ आणि त्यावर स्नॅपर. मला बघून म्हणाला, माझ्या होड्यांना आंघोळ घालतोस ना?"

"कसली पेटी?" मी विचारलं.

"पेटी पांढरी होती," डेल्गाडो म्हणाला. "झाकण निळं. पेटी जप्त केली. झाकण पुलावर त्याच्या हातात दिलं."