मागच्या काचेवर कोणी नाही

गाडीची मागची काच मागचं दिसण्यासाठी असते. हे वाक्य सोलापुरात मी जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा समोरचा माणूस हसला आहे. हसू दे. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. वर्गाबाहेर मी फार बोलत नाही आणि घरी तर त्याहून कमी. पण गाडीबद्दलची माझी मतं पक्की आहेत आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून मी ती मऊ करत नाही.

सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिले की मी पुढच्या गाड्यांच्या काचा वाचते. हातात पुस्तक नसलं की समोर येईल ते वाचायची सवय आहे. काचांवर देव असतात, कधी देवाचे नुसते डोळे असतात. जबडा उघडलेला वाघ असतो, पुढाऱ्याचा चेहरा असतो, आईवडिलांची कृपा असते. आणि गेल्या काही वर्षांत मेलेली माणसं आली आहेत. गॉगल घातलेला तरुण, खाली जन्माची आणि जाण्याची तारीख, दोन्ही बाजूंना पंख. सिग्नल सुटतो आणि तो तरुण धुरातून पुढे जातो. मागच्या सगळ्यांना तो दिसतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र मागचे दिसत नाहीत.

माझा धाकटा भाऊ चाळिशीच्या आत गेला, ऑफिसात, खुर्चीत बसल्या जागी. आई त्याला तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. तिचं ऐकून मीही तम्माच म्हणायचे आणि तो मला अक्का. वडील आधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. का केलं नाही, याची चर्चा गल्लीने आमच्या वतीने भरपूर केलेली आहे, मी त्यात भर घालत नाही.

गाडी आम्हा दोघांची होती. पांढरी, छोटी, डिझेलवर चालणारी, सेकंडहँड घेतलेली. चालवायला मी त्याला शिकवलं, होटगी रस्त्यावर, सकाळी. लोक हे नेहमी उलटं समजतात. तो असताना लोक त्याला म्हणायचे, "अक्काला शिकवलंस वाटतं, चांगलं केलंस." तो म्हणायचा, "व्हय, लई कष्ट घेतले." आणि माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे गाडी धुणं हा चैनीचा प्रकार समजला जातो. आम्ही एका बादलीत धुवायचो. दोन फडकी, एक टपाला आणि काचांना, दुसरं खालच्या चिखलाला. त्यांची अदलाबदल कधी करायची नाही. शेजारचे काका कट्ट्यावर उभे राहून बघायचे.

"प्यायला पाणी न्हाय आन् तुमी गाडीला आंघोळ घालताय."

"काका, ती आमच्या वाटणीचं पितीय," तम्मा म्हणायचा. "तुमच्या टाकीला हात लावला का?"

रविवारी सकाळी आम्ही पुण्याच्या रस्त्याने मोडनिंबपर्यंत जायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. मोडनिंबला कोण आहे तुमचं, असं लोक विचारत. कुणी नाही. रस्ता चांगला आहे आणि सकाळी जाताना ऊन डोळ्यांवर येत नाही, एवढं कारण आम्हाला पुरत होतं. सोमवारी आईला घेऊन अक्कलकोट. जाताना आमचा एक खेळ चालायचा. शेजारी बसलेल्याने डोळे मिटायचे. गिअर बदललेला त्याला अंगाला कळला, तर चालवणारा हरला. आई मागच्या सीटवर झोपलेली असायची. तम्माचं म्हणणं होतं की खरी परीक्षक तीच, ती जागी झाली म्हणजे दोघंही नापास.

गाडी म्हणजे इथून तिथे नेणारं यंत्र, असं मला अनेक शहाण्या माणसांनी ऐकवलं आहे. हीच माणसं घराला ऊन-पाऊस अडवणारी पेटी म्हणत नाहीत. घराला नाव देतात, वास्तुशांत करतात. आम्ही गाडीला नाव दिलं नाही, तिच्या चाकाखाली लिंबू ठेवलं नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणाऱ्यांशी मात्र आम्ही भांडलो. लग्नात, जेवणाच्या पंगतीतसुद्धा भांडलो. उतारावर गाडी गिअरमध्येच पाहिजे. हे मी आजही म्हणते आणि त्याबद्दल कुणाची क्षमा मागत नाही.

आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात. तम्माला बसवून आलो, त्यानंतर महिनाभर गाडी जागची हलली नाही. मग एका सकाळी मी चावी घेतली आणि सीट पुढे ओढली. अशा वेळी माणसं सीट तशीच ठेवतात म्हणे, गेलेल्याच्या मापाची. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. मला क्लचपर्यंत पाय पोचायला हवा होता. मावशी म्हणाली, दगड आहेस. मी दगड असते तर मला सीट ओढायला इतका वेळ लागला नसता. पण हे मी तिला सांगितलं नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा त्याचे मित्र घरी आले. शाळेपासूनचे दोघं, आता एकाचं मोबाईलचं दुकान आहे आणि दुसरा बांधकामाचं साहित्य विकतो. दुकानवाल्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ताई, डिझाईन बघा की. लई भारी झालंय."

कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता. तम्मा हसत होता. डोळ्यांवर गॉगल, खाली मोठ्या अक्षरांत 'मिस यू मालक'. सोलापुरात सगळेच एकमेकांना मालक म्हणतात, पण तिथे ते वाचताना मला बरं वाटलं नाही.

"हा गॉगल त्याचा नाही," मी म्हणाले.

"माझा हाय," बांधकामवाला म्हणाला. "पण त्याला शोभायचा."

"कुठे लावणार आहात?"

"मागच्या काचंला. दुसरं कुटं?"

"काचेला लावायचं नाही."

"मग काय बॉनेटला लावायचं का, ताई?"

"गाडीला कुठेच नाही. मागचं दिसत नाही."

ते एकमेकांकडे बघून हसले. दुकानवाला समजुतीच्या सुरात बोलू लागला. "आता तसला कागद न्हाय राहिला. बारीक भोकं असतात त्याला. भायेरनं फोटो, आतनं सगळं दिसतंय. तुमी पुस्तकं वाचा की निवांत. गाडीचं आमी बघतो."

त्या कागदातून दिवसा दिसतं, तिन्हीसांजेला दिसत नाही आणि मागून ट्रकचा दिवा आला की भोकाभोकातून फुटतो, हे मी त्यांना सांगितलं. कागद ओरबाडून काढला तर काचेवर ओरखडे राहतात, हेही सांगितलं. तोवर आई चहा घेऊन बाहेर आली होती. तिने मोबाईल हातात घेतला आणि पदराने पुसला. पुसताना फोटो सरकला आणि कुणाच्या तरी बाळाचा फोटो आला. दुकानवाल्याने तम्माला परत आणून दिलं.

"लावा," आई म्हणाली.

"आई, त्याला हे आवडलं नसतं. त्याला स्टिकरचा राग होता."

"त्याला काय आवडतंय ते आता तू सांगणार? मी त्याची कोण?" मग मित्रांकडे वळून म्हणाली, "काचंवर देव चालतोय, पुढारी चालतोय, वाघ चालतोय. माझा पोरगाच तेवढा चालत न्हाय व्हय?"

तरीही माझा नकार कायम होता. मित्र चहा पिऊन गेले.

त्या दिवसापासून आई गाडीत बसेना. सोमवारी ती अक्कलकोटला एस.टी.ने जाऊ लागली. गुडघे धरून पायऱ्या चढायची, उतरायची. मी स्टँडपर्यंत सोडते म्हटलं तर म्हणायची, "बेडा." नको. एवढंच. परत आली की मी विचारायचे, जागा मिळाली का. ती म्हणायची, "मिळाली. तितं कुणी मला काचंचा धडा वाचून दाखवत न्हाय." ती माझीच आई आहे. हट्ट मी कुठून शिकले हे कुणी शोधू नये.

परीक्षेच्या दिवसांत कॉलेजात गाड्या लावू देत नाहीत, म्हणून मी रिक्षाने गेले होते. संध्याकाळी परत आले तर दारात तम्मा उभा. निदान त्या क्षणी तसंच वाटलं. पूर्ण काचभर चेहरा, हसणारा, परक्या गॉगलमधून माझ्याकडे बघणारा. आईने मित्रांना बोलावून चावी दिली होती. मला आधी राग आला नाही, हे लिहिलं पाहिजे. आधी आनंद झाला. मी फाटकाला हात लावून उभी राहिले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आत बसले आणि आरशात बघितलं. आतून तो दिसत नव्हता. दिसत होते काळपट ठिपके, आणि ठिपक्यांमागे धुरकट गल्ली. सगळ्या शहराला तो दिसणार होता. त्याच्या गाडीत बसणाऱ्या एकट्या माणसाला मात्र तो दिसत नव्हता, आणि मागून कोण येतंय तेही दिसत नव्हतं. परीक्षा संपल्यावर पहिल्याच दिवशी कॉलेजच्या फाटकात गाडी मागे घेताना डिकीवर थाप पडली.

"मॅडम, मी हाय की मागं," शिपाई म्हणाला. तो घाबरला नव्हता. त्याने काचेकडे बघितलं, टोपी काढली आणि परत घातली. मी घाबरले होते. चूक कुणाची झाली असती? माझी. दुकानवाल्याची नाही, आईचीही नाही. चाक ज्याच्या हातात असतं त्याची असते.

रविवारी सकाळी मी आईला सांगितलं, "मी तो काढणार आहे. लपून नाही, तुझ्यासमोर."

ती पायरीवर येऊन बसली. मी वायर ओढून केस वाळवायचं मशीन बाहेर आणलं आणि एका कोपऱ्यापासून कागद गरम करत, आडवा आडवा सोडवायला लागले. घाई केली तर कागद फाटतो आणि डिंक काचेवर राहतो. शेजारचे काका कट्ट्यावर आले. आईकडे बघून आत गेले.

मग आई बोलायला लागली. माझ्याशी नाही, गाडीशी बोलल्यासारखं.

"गल्लीत कुणी त्याचं नाव घेत न्हाय. साखर किती, पाणी कवा येणार, गुडघा कसा हाय. सगळं इचारतात. त्याचं न्हाय इचारत. मला वाईट वाटंल म्हणून. मला वाईट वाटायचं राहिलंय व्हय अजून? गाडीवर असला तर कुणीतरी इचारलं असतं. सिग्नलला, बाजारात. हा कोण? मी सांगितलं असतं."

मी मशीन बंद केलं. मला एवढे दिवस वाटत होतं की तिला त्याचा चेहरा बघायला हवा आहे. "घरात त्याचे फोटो आहेत की," मी म्हणाले.

"मला कशाला फोटो? त्याचं तोंड मला पाठ हाय. लोकांना न्हाय."

कागद निघाला. तम्मा माझ्या दोन्ही हातांत लोंबत होता. खालची 'मिस यू मालक'ची ओळ फाटून काचेवरच राहिली होती. ती मी मुद्दाम फाडली नाही, पण जपलीही नाही. काचेत आता मागचं लिंबाचं झाड दिसत होतं आणि गल्लीचं वळण दिसत होतं. मला बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आई उठली. "तुझी काच तुला लखलाभ," ती म्हणाली. "या घरात माझी काच हाय का न्हाय?"

तिच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. मी साबणाचं पाणी केलं. खिडकी बाहेरून धुतली. कागदामागचा डिंक अजून चिकट होता. आई कागदाचा वरचा काठ धरून उभी राहिली आणि मी जुन्या ओळखपत्राने मधून कडेला हवा काढत गेले. एक बुडबुडा गालाजवळ राहिला तो राहिलाच. खोलीत उजेड कमी झाला. आतून तिलाही फक्त ठिपके दिसतात. तिची तक्रार नाही.

मला ती खिडकी आवडत नाही. तो गॉगल अजूनही त्याचा नाही. त्याचे मित्र येतात तेव्हा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. दुकानवाला परवा म्हणाला, "ताईंनी मालकाला गाडीतनं उतरवलं." मी म्हणाले, "हो, उतरवलं." गाडीवर पुन्हा काही लावायला कुणी आलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, मग तो देव असो की भाऊ. मी मागे बघून गाडी चालवते. माझ्यापुरतं त्याला लक्षात ठेवणं म्हणजे तेच आहे.

गेल्या सोमवारी आई गाडीने यायला तयार झाली. झाली म्हणजे चप्पल घालून बाहेर आली. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात हातगाडीवरचा भाजीवाला, नवीन असावा, खिडकीसमोर थांबला.

"मावशी, ह्यो कोण वं?"

आई फाटकात थांबली. तिने गाडीकडे बघितलं नाही. "माझा पोरगा," ती म्हणाली, आणि पदर खांद्यावर नीट केला. "धाकटा. लहानपणापास्नं लई अवखळ हुता..."

भाजीवाल्याने हातगाडीचं चाक दगडाला टेकवलं. मी इंजिन बंद केलं.